गालातला वारा

चेन्नई, २४ जून २०२१

अत्तान यांना तैयलचा नमस्कार,

अंजलैअक्काला मी फोनवर सगळं सांगते, पण माझी ही जाऊ म्हणते की तुमच्या कानात त्यातलं निम्मंच शिरतं आणि त्या निम्म्याचाही तुम्ही भलताच अर्थ लावता. तेव्हा तूच लिही बाई, म्हणाली. म्हणून लिहायला बसले. तविलचा ढोल बडवून बडवून कान घालवलेल्या थोरल्या दिराला पत्रं लिहावी लागतील, असं लग्नाच्या वेळी कुणी बोललं नव्हतं. रागावू नका. इथे दिवसभर मास्कच्या आत तोंड मिटून बसते, कागदावर तरी सुटू दे.

हे शुद्धीवर आहेत. सांबार पाणचट आहे म्हणून तोंड वाकडं करतात, म्हणजे डोकं ठिकाणावर आहे. घशातली नळी काढली. पण मानेतून आणि मांडीतून निघालेल्या दोन जाड नळ्या तशाच आहेत. एकीतून रक्त बाहेर येतं, त्या एक्मो यंत्रात प्राणवायू घेतं आणि दुसरीतून परत आत जातं. कोरोना कधीच गेला, तपासणीत त्याचा मागमूस नाही. पण जाताना फुप्फुसं खाऊन गेला.

काल डॉ. नप्पिन्नै यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, हा विषय मी इतके दिवस मुद्दाम काढला नाही. काहींची फुप्फुसं महिना-दीड महिन्यानं आपणहून जागी होतात, ती घाईनं कापून टाकली तर पाप लागेल. म्हणून आम्ही थांबलो. पण यांची आता फोटोत वाळलेल्या दोडक्यासारखी दिसतात आणि ती परत ओली होतील अशी आशा मला राहिलेली नाही. फुप्फुसं बदलायचा विचार आता करायला हवा. हृदय, मूत्रपिंडं, यकृत धड आहेत, माणूस जागा आहे, पाय हलवतोय, तोवरच ते जमतं. त्यातलं काही बिघडलं तर नवी फुप्फुसं समोर आली तरी यांना ती शस्त्रक्रिया सोसायची नाही.

मी हो म्हणून टाकलं असतं. पण बाई म्हणाल्या, शुद्धीवर असलेल्या माणसाचं त्याच्या बायकोनं ठरवायचं नसतं. यांनी स्वतः हो म्हटलं तरच यादीत नाव घालीन. यांना बोललं की धाप लागते, म्हणून पाटीवर लिहितात. यांनी पाटीवर एकच शब्द लिहिला, नादस्वरम. बाई खोटं बोलल्या नाहीत. जगाल, चालाल, पोरांच्या लग्नात मिरवाल, पण नादस्वरम फुंकायला जो दम लागतो तो नव्या फुप्फुसांवर टाका असं मी कधीच सांगणार नाही, म्हणाल्या. यांनी पाटी पुसली, "माझीच बरी होतील, थांबा" असं लिहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

अत्तान, हे माझं ऐकत नाहीत, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमचं ऐकतात. यांना हो म्हणायला लिहा.

तैयल


तिरुविडैमरुदूर, २९ जून

तैयल,

पत्र पोचलं. अंजलैनं पत्र माझ्या हातात द्यायच्या आधी स्वतः वाचलं आणि रडून घेतलं, त्यामुळे अर्धी शाई पसरली आहे. उरलेलं मी वाचलं.

मला एक सांग, घाई कसली आहे? यंत्र चालू आहे ना? आपल्याकडे शेजारी बसून सूर धरणारा माणूस असतो, तो नुसता एकच सूर लावून बसतो. तो आहे तोवर वाजवणारा थांबतो, पाणी पितो, पानाची पिंक टाकून येतो, कुणी हरकत घेत नाही. तुमचं ते यंत्र तसंच आहे असं मी धरून चाललो आहे. सूर चालू आहे, माझा भाऊ दम खातोय. त्याला खाऊ दे दम. लहानपणापासून तो असाच आहे, सगळे उठून निघाले की याचा राग रंगायला लागतो.

आणि आता आडी महिना लागेल. आपल्या घरात आडीत कुणी नवी चूल मांडली नाही, तिथे नवी फुप्फुसं कुठून बसवतेस? पुढचा आवणी महिना लागू दे, मग बघू.

मला कान नाहीत म्हणून टोमणा मारलास, तो पोचला. फोनचा आवाज उंदरासारखा असतो, तो माणसाला ऐकू येण्यासाठी नसतोच. कुंजूचं नादस्वरम मला तळ्याच्या पलीकडच्या काठावरूनही ऐकू येतं, ते मला पुरे आहे. गेल्या आठवड्यात देवळाचे लोक आले होते. उत्सव झालाच तर दुसरा कुणी वादक बोलावू का, विचारत होते. मी म्हटलं, मी ज्याच्यासोबत वाजवतो तो आजारी आहे, मेलेला नाही. चहासुद्धा दिला नाही त्यांना.

सोबत वैद्यनाथाची विभूती आहे आणि नादस्वरमच्या तोंडाला लावायच्या दोन नव्या पत्त्या, त्यानं चैत्रात सांगून ठेवल्या होत्या त्या. उशाशी ठेव. त्याला सांग, अण्णा म्हणतो थांब. आपण थांबलो की बरं होतं.

वैरक्कण्णू


चेन्नई, ८ जुलै

अत्तान,

तुमचं पत्र मी यांना दिलं. दिलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला त्याच दिवशी वाटलं. वाचून हसले, दोन इडल्या खाल्ल्या, पत्त्या मुठीत धरून झोपले. आणि सकाळी डॉक्टरबाई आल्या तर पाटी पुढे केली, "माझा थोरला भाऊही थांबा म्हणतो."

बाई चिडल्या नाहीत. तुमचं ते सूर धरणाऱ्याचं मी त्यांना सांगितलं, तर बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तो सूर धरणारा माणूस वाजवणाऱ्याचं रक्त पीत नाही, हे यंत्र पितं. रोज थोडं थोडं. त्यात गुठळी होते, रक्तस्राव होतो, नळीच्या तोंडातून जंतू शिरतो. तुमच्या दिरांना सांगा, हा दम खाणं नव्हे.

परवा त्यांनी एक परीक्षा घेतली. यंत्राचा प्राणवायू हळूहळू कमी करत नेला, यांची फुप्फुसं किती ओढतात ते बघायला. पुरता बंद करायची वेळच आली नाही. ओठ जांभळे पडले, डोळे फिरले, लगेच परत वाढवला. मी काचेपलीकडून बघत होते. ते पुन्हा बघायची माझी ताकद नाही.

पण खरं सांगू का? त्यानंतर एक गोष्ट अशी झाली की माझंच डळमळायला लागलंय. इथे श्वासाच्या व्यायामाचं एक खेळणं देतात, तीन नळकांडी, त्यात तीन चेंडू. तोंडानं हवा आत ओढली की चेंडू वर जातात. पहिले दिवस एकसुद्धा हलत नव्हता. आता दोन जातात. काल तिन्ही गेले आणि वर टिकले. व्यायाम घेणाऱ्या मुलीनं टाळ्या वाजवल्या. हे माझ्याकडे असे बघत होते, जसं पहिल्या मैफलीनंतर तुमच्या वडिलांकडे, आप्पांकडे बघितलं होतं म्हणतात. डॉक्टरबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, चेंडूंवर मी ठरवत नाही, फोटोवर आणि त्या परीक्षेवर ठरवते. जरा रागच आला मला त्यांचा. मग वाटतं, परीक्षा चुकली असेल. मग ते ओठ आठवतात. दिवसातून दहा वेळा माझं मन इकडून तिकडे जातं. खाली चहा प्यायला जाते आणि न पिता वर येते.

अंजलैअक्काच्या फोनवर चेंडूंची चित्रफीत पाठवली आहे, बघा. गाल बघून हसाल. त्या संगीतसभेच्या सेक्रेटरीनं म्हटलं होतं ना, की कुंजितपादम हल्ली बेडकासारखे गाल फुगवतो, आधी किती देखणं वाजवायचा. इथे त्याच गालांनी आशा लावली आहे.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. थांबायचं का?

तैयल


तिरुविडैमरुदूर, १४ जुलै

तैयल,

चित्रफीत बघितली. छान आहे.

इथे ऊन फार आहे. तविलचं कातडं सैल पडलंय, ते बदलायला हवं. अंजलैचे गुडघे दुखतात. देवळाचं दार अजून बंदच आहे, पण पुजारी मागच्या दारानं जाऊन दिवा लावतो.

डॉक्टरबाईंनाच सगळं कळतं. आपण काय सांगणार.

वैरक्कण्णू


चेन्नई, २२ जुलै

अत्तान,

एवढंसं पत्र. त्यात एकही शिवी नाही, एकही टोमणा नाही. यांनी ते दोनदा उलटून बघितलं, मागे काही लिहिलंय का म्हणून. "अण्णाला बरं नाही का?" असं पाटीवर विचारलं. मी म्हटलं कातड्याचं लिहिलंय ना, बरे असतील.

मधे काय झालं ते ऐका. तुमचं पत्र आलं त्या रात्री यांना थंडी वाजून ताप भरला. नळीतून जंतू रक्तात गेला होता. शुद्ध गेली. लघवी कमी झाली. डॉक्टरबाई दोन दिवस घरी गेल्या नसाव्यात, तेच कपडे अंगावर होते. औषधं लागू पडली, ताप उतरला, लघवी परत सुरू झाली. आज डोळे उघडून त्यांनी मला ओळखलं आणि पहिली खूण केली ती त्या चेंडूंच्या खेळण्याकडे.

बाईंनी मला आज खुर्चीवर बसवून सांगितलं. या खेपेला दार उघडं राहिलं. पुढच्या खेपेला असा जंतू आला की मूत्रपिंडं जातील, मग यांनी शंभरदा हो म्हटलं तरी मीच नाही म्हणेन. जे काय ठरवायचं ते आता. यादीत नाव गेल्यावरही कुणाची तरी फुप्फुसं मिळायची वाट बघावीच लागते, तिथे आणखी किती दिवस जातील सांगता येत नाही.

मी यांच्या पाया पडले. खरोखर पडले, त्या प्लास्टिकच्या झग्यासकट. यांनी पाटी मागितली. मग पाटीवर लिहिलं, "तीन चेंडू."

अत्तान, तुम्ही त्या चित्रफितीत काहीतरी बघितलं आहे. तुम्ही चौतीस वर्षं यांच्या शेजारी बसून वाजवता. तुम्हाला जे दिसलं ते मला सांगत नसाल तर का नाही? मी तुमच्या भावाची बायको आहे, परकी नाही. मला घाबरून तुम्ही गप्प बसला असाल तर घाबरू नका. आणि स्वतःसाठी गप्प बसला असाल तर देव बघून घेईल.

तैयल


तिरुविडैमरुदूर, २५ जुलै

तैयल,

स्वतःसाठीच गप्प बसलो होतो. सोबतचं पत्र कुंजूला दे. तू वाचलंस तरी चालेल, पण त्याला वाचून दाखवू नकोस. त्याला त्याच्या डोळ्यांनी वाचू दे. हात धरून बस.

वैरक्कण्णू


कुंजू,

चोरा, तुझी चित्रफीत मी आठ-दहा वेळा बघितली. पहिल्याच वेळी कळलं होतं, पुढच्या खेपा माझं चुकलंय का हे बघायला होत्या.

तू चेंडू गालांनी ओढतोस. गाल आत खेचतोस, जीभ लावून वारा अडवतोस, आणि ती पोरगी टाळ्या वाजवते. गळ्याखालची खळी हलत नाही. पोट हलत नाही. तू खरा दम घेतोस तेव्हा आधी पोट पुढे येतं, मग ती खळी आत जाते, मग सूर येतो. तिथे काहीच हललं नाही. तळ्यात नळी बुडवून बुडबुडे काढायचा सराव करायचो, तेव्हाही तू हेच करायचास. आप्पा काठावर बसलेले असायचे. तुला वाटायचं त्यांना कळत नाही. ते म्हणायचे, गालातला वारा ओळ पुरी करतो, राग पुरा करत नाही. आठवतं का? मग पाठीत धपाटा.

डॉक्टरबाई तुला फसलेल्या नाहीत. त्या पहिल्यापासून फसलेल्या नाहीत. फसलेली आहे ती तुझी बायको, आणि सगळ्यांत जास्त तू.

आता माझं ऐक. हे मी दहा दिवसांपूर्वी लिहायला हवं होतं. मी तैयलला छान आहे असं लिहिलं आणि तळ्यावर जाऊन बसलो. कारण मी खरं सांगितलं तर तुझी छाती उघडतील, आणि तुझं नादस्वरम संपेल, आणि तुझ्या नादस्वरमशिवाय वैरक्कण्णूला कोण विचारतो? मला तू हवा होतास, पण वाजवणारा हवा होतास. माझं ते पत्र पोचलं त्याच रात्री तुला ताप भरला हे वाचलं आणि मला माझीच किळस आली.

म्हणून आता सांगतो. अंजलैलासुद्धा ठाऊक नाही.

मला ऐकू येत नाही, कुंजू. फोन नाही, माणसं नाहीत, देवळाची घंटा नाही. तविलसुद्धा नाही, ते मला हाताला आणि मांडीला कळतं. तुझं नादस्वरम मी गेली सहा-सात वर्षं ऐकलेलं नाही. तोडी वाजवतोयस की कल्याणी, ते मला तू बसतोस कसा त्यावरून कळतं. मी तुझे गाल बघून वाजवतो. गाल भरले की ओळ सुरू, गाल पडले की सम. लोक म्हणतात भाऊ-भाऊ एकाच श्वासानं वाजवतात. मी मान डोलावतो, कारण ते काय म्हणाले तेही मला ऐकू येत नाही.

आता मला सांग, तू कुणासाठी थांबला आहेस? माझ्यासाठी नादस्वरम राखून ठेवत असशील, तर ते माझ्यापर्यंत कधीचं पोचत नाही. मला ओसरीवर समोर तू दिसला पाहिजेस. वारा कुणाचा का असेना, माझी काही तक्रार नाही.

आडीबिडी मी म्हटलं होतं ते विसर. ते मी देवाच्या आडून बोललो होतो. हो म्हण. आजच म्हण.

अण्णा


चेन्नई, ६ ऑक्टोबर

अण्णांना नमस्कार,

अक्षर बघून घाबरू नका, हाताला अजून कंप आहे. तैयल म्हणते मी लिहिते, मी म्हटलं हे मीच लिहिणार.

तुमचं पत्र वाचून मी संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून होतो. पकडला गेलो याचाच आधी राग आला. मग ते खेळणं उचललं आणि आप्पा काठावर बसलेत असं समजून खरा दम घ्यायला गेलो, पोटानं. एकही चेंडू हलला नाही. पुन्हा केलं. मग तैयलला म्हटलं, बाईंना बोलव. पाटी नाही घेतली, तोंडानं हो म्हटलं. धाप लागली, पण म्हटलं.

पुढचे दिवस कसे गेले ते तैयलनं अंजलैवहिनींना सांगितलंच असेल. दोनदा फुप्फुसं आली म्हणून तयारी केली आणि दोनदा ती चांगली नाहीत म्हणून परत झोपवलं. तिसऱ्यांदा नेलं तेव्हा मी तुमच्या पत्त्या मुठीत धरल्या होत्या, त्या काढून घ्याव्या लागल्या. कुणाची फुप्फुसं आहेत ते सांगत नाहीत. कुठल्या तरी घरात रडारड झाली आणि माझ्याकडे वारा आला, एवढं मला कळतं. रोज सकाळी डोळे उघडले की आधी त्या घराला हात जोडतो. आता यंत्र नाही, नळ्या नाहीत. काल व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालून आलो आणि परत आल्यावर भूक लागली. सांबार अजूनही पाणचटच आहे.

बाई म्हणतात पौष लागायच्या आत घरी सोडीन. पत्त्या मी इथल्या एका शिकणाऱ्या मुलाला दिल्या. देताना मूठ उघडत नव्हती, तरी दिल्या.

तुम्ही लिहिलंत त्यातल्या एकाचं उत्तर तेवढं राहून गेलंय, ते आता सांगतो. तुमचं गुपित मला नवं नव्हतं.

वैदीश्वरन कोविलला रथ निघाला होता, आठवतं का, पाऊस येऊन गेला होता. मधेच माझी पत्ती फुटली. आवाज साफ बंद. मी तसाच बसलो होतो, वाद्य तोंडाला, गाल फुगलेले, दुसरी पत्ती चाचपत. लोक माझ्याकडे बघायला लागले. आणि तुम्ही थांबला नाहीत. तुम्ही पूर्ण आवर्तन वाजवलंत, माझ्या गालांकडे बघत, आणि समेवर वाहवा म्हणून मान डोलावलीत. माझ्या हातातली पत्ती पडली, अण्णा.

घरी येऊन मी हे कुणालाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गाल जरा जास्त फुगवायला लागलो. मग आणखी जास्त. आप्पांनी मारून मोडलेली सवय परत लावून घेतली. तो सेक्रेटरी बेडूक म्हणाला, पेपरवाल्यानं लिहिलं की कुंजितपादमचं वाजवणं बघवत नाही. म्हटलं बघवत नसेल तर त्यांनी डोळे मिटावेत, ज्यानं बघायचं तो बघतोय. आणि इतकी वर्षं फक्त गालांनी काम भागलं म्हणूनच बहुधा, फुप्फुसांशिवायही भागेल असं मला वाटून गेलं.

तविलचं कातडं बदलून ठेवा. मी आलो की ओसरीवर बसू. मी वाद्य नुसतं हातात धरीन, आत फुंकणार नाही, बाईंना तसं वचन दिलंय. पण गाल फुगवीन. तुम्ही वाजवा. तुम्हाला फरक कळायचा नाही.

तुमचा,
कुंजू